झाकणावरचे थेंब

अंड्याला खळगा पडला होता. काल नव्हता, आज होता. जुईने डोळे चोळून पुन्हा पाहिलं. एकच नाही, डब्यातली सगळीच अंडी हवा गेलेल्या चेंडूसारखी बसली होती.

कोंबडीची अंडी असती तर कुणी एवढं मनाला लावून घेतलं नसतं. पण ही होती मकासापाची, आणि डबा होता मंगळावरच्या तांबडवाडीत, काचेच्या भल्यामोठ्या घुमटाखाली. साप म्हटल्यावर दचकू नका! मकासाप बिनविषारी असतो. त्याच्या पोटावर मक्याच्या दाण्यांसारखी नक्षी असते आणि उंदीर त्याला भारी आवडतात. तांबडवाडीला तर असा पाहुणा हवाच होता. पृथ्वीवरून ज्वारीची पोती आली, त्यांच्यासोबत उंदीरमामाही फुकटात आले आणि बियाण्याच्या कोठारात त्यांनी नुसता धुमाकूळ घातला. विष घालायची सोय नव्हती. घुमटात तेच पाणी आणि तीच हवा फिरून फिरून वापरायची, मग विषही फिरून आपल्याच ताटात येणार की!

म्हणून साप आणले होते. पण नर मेला आणि उरली एकटी केशर, तीही म्हातारी. ही तिची शेवटची अंडी. त्यांतून पिल्लं निघाली नाहीत, तर पुढचं यान येईपर्यंत उंदीर पेरणीचं बी फस्त करणार होते.

अंड्यांची देखरेख शकूआजीकडे होती. शकूआजी म्हणजे जुईची आजी आणि वस्तीतली एकमेव सर्पतज्ज्ञ (सापांचा शास्त्रीय अभ्यास करणारी व्यक्ती). पण तिच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, डोळ्यांना पट्टी बांधून ती दवाखान्यात पडून होती. जाताना सगळ्या वस्तीला तिने ठणकावलं होतं, "अंडी माझी नात सांभाळेल. बाकी कुणी लुडबूड करायची नाही!"

आणि नातीने ही अशी सांभाळली. जुईच्या डोळ्यांत पाणी तरळलं. तिने दवाखान्यात आजीला फोन लावला.

"आजी, अंडी... अंडी चेपली गं."

"रडू नकोस. मला दिसत नाहीये, तेव्हा आता तूच माझे डोळे. रंग कसा आहे? बुरशी?"

"पांढरीच आहेत. बुरशी नाही. एखादं उलटून खालून बघू का?"

"खबरदार!" आजी एवढ्याने ओरडली, की फोन जुईच्या हातातून निसटायचाच बाकी राहिला. "ती काय भाकरी आहे का उलटायला? आतलं पिल्लू वरच्या बाजूला चिकटलेलं असतं. उलटलंस तर मरून जाईल. अंडी आहेत तशीच राहू दे. उबेचं काय?"

"डब्याखालची ऊबपट्टी गरम आहे."

"मग पाणी कमी पडतंय. हे बघ, सापाच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं टणक नसतं, मऊ चामड्यासारखं असतं. त्याला बारीक बारीक भोकं असतात. भोवतालची आर्द्रता (हवेत मिसळलेल्या, न दिसणाऱ्या वाफेचं प्रमाण) कमी झाली, की त्या भोकांतून अंड्यातलं पाणी बाहेर पडतं आणि अंडं आक्रसतं. आर्द्रतामापक काय म्हणतोय?"

"तो बंद आहे. धुळीच्या वादळामुळे वीज नाही. ऊबपट्टी सोडून सगळंच बंद केलंय."

"अगं, पण मी जाताना डब्यात पुरेसं पाणी घातलं होतं. झाकण घट्ट बसतंय ना? डब्याला चीर?"

जुईने डबा चारी बाजूंनी न्याहाळला. झाकण घट्ट होतं, चीर कुठेच नव्हती. मग पाणी गेलं कुठे? बंद डब्यातून ते पळालं तरी कसं?

"बरं, झाकणाला आतून थेंब धरलेत का?" आजीने विचारलं.

"छे! एकसुद्धा नाही," जुई म्हणाली. तेवढं सांगताना तिला जरा अभिमानच वाटला. "मी रोज उघडून नीट टिपून घेते ना!"

"टिपून घेतेस?" आजीने विचारलं.

आता यात जुईचा तरी काय दोष? तांबडवाडीत चालायला लागलेल्या पोराच्याही कमरेला बोळा बांधतात, पाणी शोषणारा, मऊ. भिंतीवर, भांड्यावर, खिडकीवर, कुठेही थेंब दिसला की टिपायचा आणि सार्वजनिक हंड्यात पिळायचा. थेंब पाहून न टिपता पुढे गेलेल्या माणसाकडे लोक असे बघतात, जणू त्याने कुणाच्या ताटातली भाकरीच उचललीय. जुईचा हात तर झोपेतसुद्धा बोळ्याकडे जायचा.

"जुई," आजी हळूच म्हणाली, "ते थेंब अंड्यांचे होते गं."

म्हणजे पाणी तिनेच पळवलं होतं. रोज, कौतुकाने, स्वतःच्या हाताने!

"डब्यात अंड्यांखाली काय आहे? व्हर्मिक्युलाइट (अभ्रकासारखे खनिज तापवून फुलवलेले हलके कण, ते पाणी धरून ठेवतात). त्यातल्या पाण्याची उबेने वाफ होते आणि डब्यातली हवा दमट राहते. जास्तीची वाफ गार झाकणाला लागते, तिचे थेंब होतात आणि ओघळून पुन्हा खाली जातात. गोल गोल फिरतं ते पाणी. तू मधेच उभी राहून रोज थोडं थोडं उचलत गेलीस. कण सुकले, हवा सुकली, मग हवेने अंड्यांतलं ओढायला सुरुवात केली."

"मी आत्ता तांब्याभर ओतते!"

"थांब, अतिशहाणे! बुडवून मारशील. त्याच भोकांतून आतलं पिल्लू श्वास घेतं. अंड्यावर पाणी साचलं तर ते गुदमरेल, वर बुरशी धरेल ती वेगळीच. पाणी कोमट घे आणि डब्याच्या कडेकडेने थोडं थोडं सोड. अंड्यावर थेंबही पडता कामा नये. मग थोडे कण मुठीत दाब. गोळा व्हायला हवा, पण बोटांतून पाणी गळायला नको. आणि झाकण तिरकं बसव, म्हणजे थेंब कडेने उतरतील."

"आजी, वाचतील ना गं ती?"

"माहीत नाही, बाळा," आजी म्हणाली. खोटं बोलायची तिला सवयच नव्हती. "थोडा वेळ गेलाय. बघू."

जुईने सांगितल्याप्रमाणे सगळं केलं. दुसऱ्या दिवसापासून ती खोलीत शिरण्याआधी बोळा कमरेचा सोडून दाराबाहेर खुंटीला अडकवू लागली. झाकणाला थेंब धरले, की तिचे हात नुसते शिवशिवायचे! मग ती दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी राहायची. जेवण गोड लागेना, खेळात मन रमेना. हळूहळू एकेका अंड्याचा खळगा भरत गेला. कोपऱ्यातलं एक तेवढं पिवळं पडलं, ते पडलंच. ते पाहून जुई हमसून रडली.

काही आठवड्यांनी वादळ सरलं, आजीची पट्टी सुटली. आणि ती घरी आली त्याच सकाळी अंड्यांना पुन्हा खळगे पडले.

"आजी! परत तेच!" जुईने पाण्याचं भांडं उचललंसुद्धा.

"ठेव ते खाली." काळा चष्मा सावरत आजी डब्यावर वाकली. मापकावर हवा चांगली दमट होती, झाकणही थेंबांनी भरलेलं होतं. "पाणी भरपूर असताना, दिवस भरत आल्यावर अंडं बसलं तर घाबरायचं नाही. आत कुणीतरी बाहेर यायची तयारी करतंय."

जुईने झाकण एका बाजूने उचलून तिरकं टेकवलं आणि दोघी डब्याजवळ बसल्या. किती वेळ गेला कोण जाणे. मग एका अंड्यावर बारीक चीर उमटली, जणू कुणी आतून पातं फिरवलं.

"अंडदंत (कवच कापण्यापुरता उगवणारा इवला दात)," आजी कुजबुजली. "काम झालं की गळून पडतो."

चिरेतून केशरी नाक बाहेर आलं. मग डोळे, मग सळसळत सगळं पिल्लू, पेन्सिलीएवढं. जुईच्या जिवात जीव आला. ती हसत होती आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते टिपायचंही तिला सुचलं नाही.

तेवढ्यात तिरक्या झाकणावरून एक टपोरा थेंब घरंगळला आणि डब्याच्या कडेला येऊन थांबला. सवयीने जुईचा हात कमरेकडे गेला. तिथे बोळा नव्हताच.

पिल्लू डुलत डुलत कडेपाशी गेलं, जीभ लवलवली, थेंबाला तोंड लावलं आणि ते घोट घोट पाणी पिऊ लागलं.

"कोठाराचा नवा राखणदार," आजी म्हणाली. "बाकीचे येतीलच मागोमाग." मग तिने मान वर करून घुमटाकडे पाहिलं. काचेला आतून दव धरलं होतं. "आपणही डब्यातच राहतो गं जुये, जरा मोठ्या. या वर्षी बी वाचलं, की रानं वाढतील, हवा दमट होईल. तेव्हा वरचे थेंब टिपायचे की खाली येऊ द्यायचे, ते तुम्ही पोरांनी ठरवायचं."

जुईचं सगळं लक्ष पिल्लाकडे होतं. त्याचं पाणी पिऊन झाल्यावर तिने हलकेच झाकण लावलं, तिरकं.