घोणसगडची नौबत

पहाटेचं धुकं घोणसगडाच्या कड्याला असं बिलगून होतं, की खालच्या खोऱ्यात पसरलेल्या खानाच्या छावणीचा एकही तंबू दिसत नव्हता. तिथून वर येत होतं ते नुसतं घोड्यांचं फुरफुरणं आणि ओल्या लाकडांचा धूर. पूर्वेला जरा फटफटलं, तशी नगारखान्यात टिपरी उचलली गेली आणि नौबत झडली. तटावरची शिबंदी रोजच्यासारखी अंग झटकून उभी राहिली. वाड्यात पलंगावर पडलेल्या आवडाबाईंनी मात्र दोन्ही तळवे पोटावर घट्ट ठेवले आणि श्वास रोखून धरला.

नौबत थांबली. पोटात काहीच हाललं नाही.

वेढा पडला त्याच महिन्यात आवडाबाईंचे धनी, किल्लेदार हैबतराव, छाप्यात कामी आले होते. त्यांची राख थंड व्हायच्या आत गडावरची माणसं सदरेवर जमली होती आणि हातात बेलाचं पान व हळदीचा भंडारा घेऊन त्यांनी शपथ वाहिली होती, की धन्याचं लेकरू पाळण्यात पडेपर्यंत गड सोडायचा नाही. बेलभंडारा उचलून दिलेला शब्द मोडला तर देव वंश ठेवत नाही, हे त्या डोंगरात पोराटोरांनाही ठाऊक होतं. पुढे सहाव्या महिन्यात ते लेकरू नौबतीच्या पहिल्या टोल्याला पोटात लाथा झाडू लागलं. चिमणा सुईणीच्या पोटात तीळ भिजेल तर शपथ! तिने ते गडभर केलं, आणि अर्ध्या भाकरीवर पहारा करणारी माणसं कितीतरी दिवसांनी हसली. धाकटे किल्लेदार हजेरीला उठले, असं म्हणत ती रोजचा दिवस काढू लागली.

आणि काल देवीच्या घुमटीवरून उतरताना आवडाबाईंचा पाय सरकला. दगडी जिन्यावरून त्या कुशीवर कोसळल्या त्या थेट तळाशी. रक्त गेलं नव्हतं, पण पोट दगडासारखं कडक झालं होतं. चिमणाने कितीदा तरी कान लावून पाहिलं, आणि शेवटी डोळे पुसत कबूल केलं, की आतला ठोका लेकराचा की आईच्याच घाबरलेल्या जिवाचा, हे तिला कळत नाही.

लेकरू आहे की गेलं, हे आवडाबाईंनी स्वतःला विचारायचं सोडून दिलं होतं. पोटावरून हात फिरवत त्या लेकराला विनवत होत्या, दटावत होत्या, आपण कुठल्या पायरीवर चुकलो ते पुन्हा पुन्हा आठवत होत्या. तेवढ्यात उशाशी टाकलेल्या कालच्या लुगड्याचा काठ त्यांच्या हाताला लागला. तो चिकट होता. नाकाशी नेला तर करंजाच्या तेलाचा कडवट दर्प आला. गडावर तेलाची एवढी चणचण होती, की देवीचा नंदादीपही महिनाभर विझलेला होता. उरलेलं तेल मशालींसाठी कोठीत कुलूपबंद होतं आणि किल्ली होती दिरांच्या, दर्याजीरावांच्या कमरेला. म्हणजे पाय आपसूक सरकला नव्हता, कोणीतरी पायरीवर तेल ओतलं होतं.

दर्याजीरावांना खानाने गुपचूप गडाची जहागिरी कबूल केली होती. आड येत होतं ते एक न जन्मलेलं लेकरू. कुंपणानेच शेत खायला घेतलं होतं. ऊन वर येताच त्यांनी सदर भरवली. वहिनीसाहेबांवर झालेला आघात सांगताना त्यांनी शेल्याने डोळे टिपले, आणि मग हळूच म्हणाले, की ज्या जिवासाठी शपथ होती तो जीवच उरला नसेल, तर शपथ फिटली. मग एवढ्या माणसांना उपाशी का मारायचं? तह करावा. माणसं एकमेकांकडे पाहू लागली. हवालदार निंबाजी, ज्याने सगळ्यात आधी बेल उचलला होता, तो मान खाली घालून उभा राहिला.

तेव्हा चिमणाच्या खांद्याचा आधार घेत आवडाबाई सदरेवर आल्या. चिकाच्या पडद्यामागे बसल्या नाहीत. सगळे उभे राहिले.

दर्याजीरावांनी लवून मुजरा केला. "वहिनीसाहेब, आपल्याला कष्ट देताना जीव तुटतो. पण शिबंदीला खरं कळलं पाहिजे. बाळराजे नौबतीला साद देतात, असं सारा गड म्हणतो. आपण बेलभंडारा हाती घ्यावा. नौबत झडेल. साद आली तर तसं सांगावं, नाही आली तर तसंही सांगावं. देवीसमोर आपण खोटं बोलणार नाही, एवढा आमचा विश्वास आहे."

सापळा पक्का होता. आवडाबाईंनी उजव्या हातात बेल आणि भंडारा घेतला, डावा पोटावर ठेवला. नौबत झडली. एक टोला, दुसरा, मग झडीवर झड. सदरेच्या खांबांतून ती त्यांच्या तळपायांत उतरली, छातीत घुमली. पोट मात्र विहिरीसारखं गप्प राहिलं. समोर भाकरीवाचून खंगलेले चेहरे होते, आणि त्यांच्यामागे, धुकं विरलेल्या खोऱ्यात, खानाचे तंबू.

"हाललं," आवडाबाई म्हणाल्या. "माझं लेकरू हाललं."

सदरेवरून असा हुंकार उठला, की कबुतरं उडाली. तो शमायच्या आत त्यांनी सोबत आणलेल्या कालच्या लुगड्याचा काठ निंबाजीच्या हातात दिला आणि वास घ्यायला सांगितलं. निंबाजीने वास घेतला. त्याची नजर दर्याजीरावांच्या कमरेच्या किल्लीवर गेली आणि हात तलवारीच्या मुठीवर.

बेड्या पडत असताना दर्याजीराव आरडाओरडा करतील असं सगळ्यांना वाटलं होतं. ते शांत होते. आवडाबाईंच्या जवळून नेताना ते थांबले आणि फक्त त्यांनाच ऐकू जाईल असं बोलले.

"तेल मी ओतलं, वहिनीसाहेब. पण नौबत वाजत असताना मी आपला चेहरा पाहत होतो."

गड त्यानंतर दातओठ खाऊन लढला. राजधानीची कुमक घाटावर आली, खान वेढा उठवून गेला, आणि दर्याजीरावांना बेड्यांसकट खाली नेण्यात आलं. दिवस भरले तेव्हा आवडाबाई कळांपेक्षा भीतीनेच अर्धमेल्या झाल्या होत्या. पण लेकरू जिवंत जन्मलं. मुलगा. चिमणाने पाठ चोळताच त्याने असा टाहो फोडला, की दाराशी बसलेला निंबाजी पागोट्यात तोंड लपवून रडला. आवडाबाईंना वाटलं, देवीने माफ केलं.

बारशाला पाळणा सदरेवर बांधला. नगारखान्यातून सर्वांत मोठा नगारा आणून शेजारी ठेवला होता. नाव ठेवलं आणि नौबत कडाडली. कडेवरची पोरं दचकून रडू लागली, कुत्री पळाली. पाळण्यातलं बाळ झोपलं होतं तसंच झोपून राहिलं. त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

माणसं कौतुकाने म्हणाली, वाघाचा बच्चा आहे, भीत नाही. आवडाबाईंनी चिमणाकडे पाहिलं. चिमणाने बाळाच्या कानाशी टाळी वाजवली, मग पुन्हा वाजवली, आणि हात पदराखाली लपवले.

"चिमणे, हे माझ्या पडण्यानं झालं, की माझ्या शब्दानं?"

"पडण्यानं, आईसाहेब. देवीची आण, पडण्यानंच."

चिमणाने ते इतक्या चटकन सांगितलं, की आवडाबाईंना त्याचा आधार वाटला नाही. त्या दिवशी ते खरंच हाललं नव्हतं, की हाक ऐकू न आल्याने गप्प होतं, की देवीने खोट्या शपथेचं मोल नंतर वसूल केलं, हे सांगणारं कोणीच नव्हतं.

पोरगं वाढलं ते हसरं. रोज पहाटे निंबाजी त्याला कडेवर घेऊन नगारखान्यात जाई आणि त्याचा तळवा नगाऱ्याच्या कातड्यावर टेकवी. टोला पडला की कातडं थरथरे, आणि पोरगं खदखदून हसे. तटावरची माणसं ओरडत, धाकटे किल्लेदार हजेरीला आले. दाराशी उभ्या असलेल्या आवडाबाई मात्र कधी हसत नसत. नौबत थांबेपर्यंत त्या दोन्ही तळवे आपल्या रिकाम्या पोटावर घट्ट धरून, श्वास रोखून उभ्या राहत.