पाचव्या महिन्यापासून

"आधी काका, मग तुम्ही," असं म्हणत एजंट नितेश चर्जनने दाराच्या चौकटीत बसवलेली पितळी नळी रुमालानं पुसली.

सरकारी कागदावर तिचं नाव 'निवास-अनुमानक' असं भारदस्त होतं. अमरावतीत मात्र सगळे तिला फुंकणीच म्हणत. चूल गेली, फुंकणी राहिली. घर भाड्यानं हवं असेल तर राहणाऱ्या प्रत्येकानं तिच्यात एक दमदार फुंकर मारायची. माणसाच्या श्वासात शेकडो वायू असतात, अगदी कणाकणानं. कोणता वाढला, कोणता घटला, यावरून शरीरात काय शिजतंय ते फुंकणी ताडायची आणि माणूस किती टिकेल, पाणी किती वापरेल याचं गणित मांडून भाडं ठरवायची. घरमालक खूश होते. भाडेकरूंना विचारतो कोण?

प्रणिता भुयारनं पाहिलेलं हे सातवं घर. बारा हजारांच्या वर तिची उडी जात नव्हती. आज गुरुवार, शनिवारी ते राहत होते ती जुनी इमारत पाडायला माणसं येणार होती. आधीच्या सहा घरांतल्या फुंकण्या जुन्या, सरसकट दोन माणसांचं भाडं सांगणाऱ्या. एकीनंही सोळाच्या खाली आकडा दाखवला नाही. इथली नवी होती. ती महिन्यागणिक हिशेब करी.

तिचे वडील विलासराव पुढं झाले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये चौतीस वर्षं इंजिनं खोलून त्यांची छाती डिझेलच्या धुरानं भरलेली. फुंकर अर्ध्यातच खोकल्यात विरली.

"काका, दमानं. घाई नाही," नितेश म्हणाला.

दुसऱ्या खेपेला जमलं. प्रणितानं एका दमात फुंकर मारली. पडद्यावर आकडा उमटला : अकरा हजार चारशे.

"घ्या ताई! आता पेढे लागतात," नितेशनं टाळी वाजवली.

प्रणिताला रडूच यायचं बाकी होतं. ती आत धावली, स्वयंपाकघरातला नळ सोडून पाहिला, बाबांची खाट खिडकीपाशी लावायची हेही ठरवून टाकलं. मग नितेशनं अकरा महिन्यांचा करार पुढं केला. या करारावर सगळं गाव डोळे झाकून सही करतं. प्रणिताचा जन्म मात्र तहसील कचेरीत इतरांचे कागद तपासण्यात गेलेला. न वाचता सही करणं तिला जमत नसे.

'राहणाऱ्या व्यक्ती : पहिला ते चौथा महिना, दोन. पाचवा ते अकरावा महिना, एक.'

"हे काय आहे?"

"पाणी माणशी लागते न ताई. चार महिने दोघं, मंग एक. म्हणून त बजेटात बसलं."

"एक म्हणजे कोण?"

"नाव नाही देत थे. रोग सांगाचा परवाना डॉक्टरले, फुंकणीले नाही." नितेश विलासरावांकडे सोडून सगळीकडे पाहत होता.

विलासरावांनी चष्मा लावून कागद वाचला.

"म्हणजे मी," ते म्हणाले आणि चक्क हसले. "बरं झालं पोरी. जाता जाता तुले घर त देऊन चाललो."

"बाबा, गप्प बसा. नितेशभाऊ, आम्ही पुन्हा फुंकतो."

"फुंका न. पण हा आकडा रद्द होते. अन् खाली दोन गिऱ्हाइकं उभे हायेत."

"कायले पुन्हा?" विलासराव म्हणाले. "चार महिने म्हणजे आंबे खाऊन होते माहे. रडू नको वं माय. कर सही."

तिनं डोळे पुसले, पेन घेतलं आणि सवयीनं कागद उलटला. मागं खाली बारीक अक्षरात एक ओळ होती. 'पाचव्या महिन्यापासून लागू : ज्येष्ठ नागरिक सवलत, दहा टक्के.'

तिनं ती ओळ दोनदा वाचली. बाबांना सत्तरावं लागलं होतं. तिला एकोणचाळीस.

तिनं मान वर करून पाहिलं. बाबा नितेशला खिडकीला डासांची जाळी बसवता येईल का, ते विचारत होते. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा तिनं पाहिला नव्हता. बापाच्या आधी लेक जाणार नाही, एवढ्यावरच त्यांनी समाधान मानलं होतं. फुंकणी चुकतही असेल, तिनं स्वतःला बजावलं. उद्याच डॉक्टर गाठायचा. पण शनिवार काही थांबणार नव्हता, आणि खरंच तसं झालं तर बाबांनी जायचं कुठं?

तिनं सही केली. मागचं पान बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून कागद दुमडून पर्समध्ये टाकला. बाबा खाटेची जागा पावलांनी मोजायला आत गेले, तशी ती नितेशजवळ सरकली.

"नितेशभाऊ," तिनं हळूच विचारलं, "अकरा महिने झाल्यावर एकट्या म्हाताऱ्या माणसाला करार वाढवून देतात का हो?"