युनियनच्या अलमारीतली आग

"रुपराव, धाव गा! तुह्या युनियनच्या खोलीतून धूर निघून राहिला!"

गेटवर चहा विकणाऱ्या जिजाबाईची हाक आली तवा रुपराव नुकताच गाडीवरून उतरला होता. दोन्ही गाड्या इतवारीतल्या कापड दुकानाची आग विझवून दुपारी दोन वाजता परत आल्या. अन् इकडे फायर स्टेशनातच आग!

दाराच्या फटीत बाहेरून ओलं पोतं कोंबलं होतं. रुपरावनं दार उघडलं. खिडकी बंद. लाकडी अलमारीचा कोळसा. बाकी खोली जशीच्या तशी. रॉकेलचा स्टोव्ह बाहेर वऱ्हांड्यात.

अलमारीत आठ तासाच्या ड्यूटीचा अर्ज होता, साऱ्या फायरमनच्या सह्यांचा. चार वाजता साहेबासंग बैठक. साहेब उद्या बदलीवर जाणार. अर्ज नाही, त चोवीस तासाची ड्यूटी तशीच.

रुपराव अकरा वर्षांपासून युनियनचा अध्यक्ष. दोनदा सस्पेंड, एकदा जेल. आज पहिल्यांदा त्याचं तोंड उतरलं.

गाड्या गेल्यावर स्टेशनात दोघंच होते. स्टोअरकीपर बाबनराव, साहेबाचा माणूस. अन् फोनवर बसलेला फायरमन गिरिधर, रुपरावचा जुना सोबती, युनियनचा सेक्रेटरी.

फायरमन पोट्ट्यांनी बाबनरावची कॉलर धरली.

"सोडा त्याले," जिजाबाई म्हणे. तिचा नवरा फायरमन होता, आगीतच गेला. "बाराले मी चहा देल्ला तवा खिडकी उघडी होती. स्टोव्ह अलमारीले लागून होता. बाबनराव, तुमाले कागदं जाळाचे असन, त खिडकी लावान का उघडान?"

"उघडीन! धुरात मरू काय?"

"अन् तू गा, गिरिधर? कुठं होता?"

"फोनपाशी. हाललो नाही. त्या खोलीत आतालोक पायही नाही ठेवला."

"धूर नाही दिसला?"

"खिडकी बंद होती ना वं. कसा दिसन?"

जिजाबाई त्याच्याकडं वळली.

"फोनपाशी बसून तुले खिडकी दिसत नाही, बाबू. ते मांगच्या अंगाले आहे."

गिरिधर दाराकडं सरकला.

"जाळणाऱ्यानं अर्ज जाळला, पण स्टेशन वाचवलं," ती म्हणे. "रॉकेल बाहेर काढलं, हवा बंद केली, फटीत ओलं पोतं. माह्या नवऱ्याचा हातही असाच आपोआप चाले. बाबनरावले हे सुचत नाही. अन् गाड्या गेल्यावर इथं फायरमन एकच उरला होता."

"असं काहून केलं गा?" रुपरावनं इचारलं.

"काहून?" गिरिधर फुटला. "एकूण एक भाषण मी लिहिलं, पाठ करून ठोकलं तुनं. तू जेलात गेला, तुह्या घरी पीठ मी पोचवलं. पेपरात फोटो कोणाचा? हार कोणाले? माही बायको सुद्धा म्हणते, माणूस असावा त रुपरावसारखा!"

"मले सही सोडून काही लिहिता येत नाही," रुपराव हळूच म्हणे. "तुह्या अक्षराचा मले रोज हेवा वाटे."

त्यानं कोरा कागद टेबलावर ठेवला.

"लिही."

गिरिधरनं लिहिलं. सारं पाठ होतं, एक शब्द चुकला नाही. पोट्ट्यांनी ओळीनं सह्या केल्या, काळ्या बोटांनी. शेवटी गिरिधरनं स्वतःच्या नावासाठी पेन टेकवला.

रुपरावनं कागद खालून ओढून घेतला. सही टेबलावर उमटली.