चौदा ठोक्यांचं उड्डाण

तोफेतून माणूस उडायचा, जाळीत पडायचा आणि आठव्या ठोक्याला ढोल थांबायचा. वर्षानुवर्षं हेच. तो उडणारा मेला आणि ढोलवाल्याचे हात आठला थांबेनासे झाले. रिकाम्या सर्कशीत, तोफ थंड असताना, ते चौदापर्यंत जायचे.

"मी नाही वाजवत, बाई. तो वाजवून घेतो," ढोलवाला म्हणाला. ते ऐकून म्हातारा सिंहसुद्धा पिंजऱ्याच्या कोपऱ्यात सरकला.

बाईंनी जन्मभर गणित शिकवलं, आता खाजगी तपास करायच्या. सोबत निवृत्त हवालदार. मिशा भरघोस, डोकं सावकाश.

"त्या दिवशीही चौदाच?"

"हो. तो पडेपर्यंत वाजवायचं. मान खाली असते माझी. जाळी फाटल्याचा आवाज आला, तेव्हा थांबलो."

"जाळी कुजकी होती," हवालदार म्हणाले. "जाळीवाल्याला उद्या अटक. संपला विषय."

जाळीवाला तिथेच गाठी सोडवत बसला होता. "सकाळीच जड पोतं टाकून बघितली होती."

"तो किती उंच गेला, काका?"

"मी दोर बघतो, बाई. माणूस नाही."

तोफेचा कोन मेलेल्याचा धाकटा भाऊ लावायचा. "नेहमीसारखी तीस अंशांवर होती. स्प्रिंग तीच, ओढ तीच. कोन चुकला असता तर दादा जाळीत पडला असता का? बरोबर मधोमध पडला."

"बिनतोड," हवालदार म्हणाले.

बाईंनी वर बघितलं. तंबूचं छत वाऱ्याने फाटलेलं, गेला महिनाभर शिवायला उतरवलेलं. त्या मोकळ्या आभाळात कुणीतरी अजून वरच राहिलंय, असं हवालदारांनाही वाटून गेलं.

बाईंनी सगळ्यांना जमवलं आणि भुशात काठीने समीकरण मांडलं.

"वेग ठरलेला, अंतर ठरलेलं. कोन शोधायचा. वर्गसमीकरण आहे, हवालदार. उत्तरं किती?"

"एक."

"म्हणून नापास व्हायचात. दोन. तीस आणि साठ. दोन्ही कोनांनी माणूस त्याच जाळीत पडतो. पण साठवर तिप्पट उंच जातो आणि पावणेदोन पट वेळ हवेत राहतो. आठाची पावणेदोन पट किती?"

"चौदा," ढोलवाला पुटपुटला आणि त्याने हात मांडीखाली दाबले.

"छत असतं तर तोफ साठवर लावताच आली नसती. तिप्पट उंचीवरून आलेला माणूस एकेरी जाळी कशी झेलणार? आणि हे दुसरं उत्तर कोन लावणाऱ्यालाच माहीत असणार."

धाकटा खाली बसला. "दादाच म्हणाला, छत नाहीये तोवर एकदा आभाळात जाऊन येऊ दे. कुठे पडेल ते मी दहादा ताडून बघितलं. किती जोरात पडेल, ते नाही बघितलं. मग बोलायची छाती झाली नाही."

"आणि काकांना तुरुंगात जाऊ देणार होतास?"

जाळीवाला उठून धाकट्यासमोर येऊन उभा राहिला.

"मला सांगायचं होतंत रे दोघांनी. दुहेरी बांधली असती."