तापलेला चोक

"काकू, माझ्या नवऱ्याने माझ्या जीपचा घात केला!"

बगलेत हेल्मेट घेऊन ती दारातच ओरडली. खाजगी गुप्तहेर असलेल्या काकूंनी फक्त चष्मा वर केला. मास्तरांनी मात्र कान टवकारले. हे काकूंचे शेजारी, निवृत्त चित्रकला शिक्षक. प्रत्येक तपासात सोबत असत आणि प्रत्येक तपासात पहिला संशय नवऱ्यावर घेत. आज अशीलच तो संशय घेऊन आली म्हटल्यावर त्यांची कळी खुलली.

"नीट सांग, पोरी."

"परवापासून किल्ली फिरवली की नुसतं टक! आज डोंगरचढाईची शर्यत आहे. तासाभरात गाडी रेषेवर नसली तर माझं नाव कापतील. आणि हे ह्यांचंच काम असेल ना, तर मी त्या घरात पाऊल ठेवायची नाही."

"चला," काकू चपला शोधत म्हणाल्या.

गॅरेजमधली जीप मालकिणीपेक्षा वयाने मोठी होती, पण बॉनेटखालचे इंजिन हिरव्यागार रंगात नवरदेवासारखे नटले होते. काकूंनी हॉर्न दाबला. मास्तर हातभर उडाले. मग किल्ली फिरवली. टक.

"आवाज खणखणीत आहे," काकू पुटपुटल्या.

"गाडी चालू नाही आणि तुम्हाला हॉर्नचं कौतुक!" मास्तर छाती चोळत म्हणाले.

गाड्यांची वायरिंग करणारा मिस्त्री कोपऱ्यात फुगून बसला होता. "आधी ताई म्हणाल्या, मी बॅटरी खराब दिली. अहो, परवा माझ्याच गाडीवरून केबल लावली. लाल चिमटा जीपच्या बॅटरीला, काळा इंजिनच्या उघड्या बोल्टला. एका फटक्यात सुरू! बंद करून केबल काढली, की परत टक."

"म्हणजे बॅटरी कोणीतरी उतरवतंय!" मास्तरांनी निकाल दिला.

तेवढ्यात ताईचा थोरला भाऊ आला. धंद्याने रंगारी. "इंजिन कसं दिसतंय, काकू? परवाच रंगवलं, शर्यतीत उठून दिसायला."

"सुरेख. कुठे एक ओघळ नाही."

"अर्धवट काम मला जमत नाही. बाकीचे लोक वस्तूच्या कडेकडेने ब्रश फिरवतात. मी सुटेल ते सोडवतो, खालचं लोखंडसुद्धा रंगवतो, मग सगळं जागच्या जागी बसवतो." त्याने गॅरेजमधल्या कपाटाकडे बोट केले. "आता आमच्या जावईबापूंना विचारा. पहाटे गॅरेजमध्ये चोरासारखे काय करत असतात ते."

तिथे जावईबापू, म्हणजे ताईचे यजमान, बोटाला पट्टी बांधून उभे होते. मास्तरांनी काकूंना कोपराने ढोसले. वायर कापताना लागलेले असणार!

"बोटाला काय झालं?"

"चटका बसला. सकाळी गाडी सुरू करून बघत होतो. थंड इंजिनासाठी ओढतात ना, ती डॅशबोर्डवरची चोकची मूठ ओढायला गेलो, तर निखाऱ्यासारखी!"

"इंजिन चालू होतं?"

"छे हो! कितीदा किल्ली फिरवली, नुसतं टकटक."

"आणि पहाटे गॅरेजमध्ये?"

जावईबापूंनी मागच्या कपाटाला पाठ टेकवली. बायकोने त्यांच्याकडे असे बघितले, की मास्तरांनाही त्यांची दया आली.

काकू एकदम टाळी वाजवून उठल्या. "पाना आणा! पॉलिश पेपर आणा! लवकर!"

"गुन्हेगार?" मास्तर ओरडले.

"हॉर्न खणखणीत, म्हणजे बॅटरी ठणठणीत. मिस्त्री सुटला. मग मिस्त्रीची केबल लावल्यावर गाडी का सुरू झाली? काळा चिमटा थेट इंजिनला होता म्हणून. विजेला जायला वाट लागते, तशी परत यायलाही लागते. इंजिनकडून ती बॉडीत परतते एका तांब्याच्या पट्टीतून. ती वाट बंद झाली, तेव्हा वीज मिळेल त्या बोळातून पळाली. चोकची तार इंजिनपासून मुठीपर्यंत जाते. एवढी वीज त्या बारीक तारेतून गेली, म्हणून इंजिन थंड आणि मूठ गरम!"

"पण पट्टी तर जागेवर आहे," मिस्त्री वाकून म्हणाला.

"आहे ना. रंगावर! परवा रंग, परवाच बिघाड. आळशी रंगाऱ्याने कडेने ब्रश फिरवला असता, तर आज गाडी पळाली असती. दादांनी पट्टी सोडवली, खालचं लोखंड रंगवलं आणि पट्टी परत आवळली. रंगातून वीज जात नाही."

दादाचा चेहरा पडला. पट्टी सुटली. मिस्त्रीने रंग खरवडला. खाली लोखंड चकाकले. पट्टी आवळून ताईने किल्ली फिरवली आणि जीप गर्जली!

"आणि पहाटेची चोरी?" मास्तर अजून हटेनात.

"बॅटरी परवापासून इतके टकटक सोसून भरलेली कशी?" काकूंनी जावईबापूंच्या मागच्या कपाटातून चार्जर ओढून काढला. "ह्यांनी रोज भरली."

ताई नवऱ्याकडे बघतच राहिली. "तुम्ही तर म्हणालात, शर्यतीला जाऊ नकोस!"

"म्हणालो. अजून म्हणतो. मला भीती वाटते. पण तू जाणारच होतीस. मग निदान गाडी तरी मधेच दगा देऊ नये."

जीप धडधडत होती. तिने हेल्मेट घातले, पट्टा आवळला आणि शेजारच्या सीटवरच्या चिंध्या मागे भिरकावल्या.

"माझ्या शेजारच्या माणसाला नकाशा वाचता यायला हवा. येतो का तुम्हाला?"

"उलटा धरला तर चालेल?"

"बसा हो लवकर!"

जावईबापू डोळे मिटून बसले. जीप दारातून सुसाट निघाली.