सातव्या दिवसाचा अंगठा

वनमालाबाई शिरूर कासारच्या समाजमंदिरात पोचल्या तेव्हा अकरा वाजले होते. पाचच्या आत चोर सापडला नाही तर सापडून उपयोग नव्हता.

त्यांच्या मागून धापा टाकत राधाकिशन आले. पोस्टातून निवृत्त झाल्यापासून ते बीडला वनमालाबाईंच्या खाजगी तपासाच्या कामात हाताखाली असत. म्हणजे वही सांभाळत, आणि बहुधा भलत्याच माणसावर संशय घेत. हे त्यांना स्वतःलाही ठाऊक होते, आणि त्याचा त्यांना मनातून त्रास होई.

समाजमंदिरात बावीस बाया गोधड्या शिवत बसल्या होत्या, पण कुणी कुणाशी बोलत नव्हते. गटाच्या अध्यक्ष सिंधुबाई एकट्याच कोपऱ्यात होत्या.

"जय भीम, ताई," त्या म्हणाल्या. "बसा. माझ्याजवळ आजकाल कुणी बसत न्हाई."

प्रकरण असे होते. जुन्या लुगड्यांच्या या गोधड्या एका परदेशी संकेतस्थळावर पाच वर्षे विकल्या जात होत्या. दुकानाला भिंत नाही, कुलूप नाही. होते ते फक्त नाव, आणि त्याखाली जर्मनी-कॅनडातल्या अकराशे गिऱ्हाइकांनी लिहिलेले चांगले शब्द. त्या शब्दांच्या भरवशावर हॅम्बुर्गच्या एका बाईने दोनशे गोधड्यांची मागणी नोंदवली होती. ती मिळाली तर यंदा बावीस घरांतले कुणी ऊसतोडीला जाणार नव्हते.

गेल्या बुधवारी दुपारी ते दुकान परराज्यातल्या कुठल्याशा कंपनीच्या नावावर झाले. संकेतस्थळवाल्यांचे उत्तर आले ते असे: हस्तांतर सिंधुबाईंच्याच फोनवरून, फोनमध्ये नोंदवलेल्या अंगठ्याने झाले आहे. सात दिवसांत, त्याच फोनवर, त्याच अंगठ्याने रद्द करता येईल. नवे बोट नोंदवून चालणार नाही.

आज सातवा दिवस होता, आणि मुदत पाचला संपत होती.

चार दिवस राधाकिशन त्या संकेतस्थळाला पत्रांवर पत्रे लिहीत होते. दर वेळी अर्ध्या मिनिटात उत्तर येई, की आपल्या समाधानासाठी आम्ही कटिबद्ध आहोत. एकदा तर त्यांनी रागाने नुसतेच 'अहो' लिहून पाठवले. त्यावरही तेच आले. सायबर पोलिसांनी अर्ज घेऊन वाट पाहायला सांगितले होते. नोंदणीचे पाकीट हरवले तर निदान कुणाशी भांडायचे ते तरी कळत असे, असे राधाकिशनना वाटले.

"मग सिंधुबाई, तुम्हीच अंगठा टेकवून रद्द का करत नाही?" त्यांनी वैतागून विचारले.

"टेकवला की. दिसातून धा बार टेकवते. घेत न्हाई त्यो."

पलीकडून एक बाई फणकारली. बुधवारी विकताना बरा घेतला, आन आता घेत न्हाई व्हय, असे ती टाक्याकडे बघतच म्हणाली. सिंधुबाईंनी मान खाली घातली.

वनमालाबाईंनी फोन मागितला. सिंधुबाईंनी सवयीने दोनदा अंगठा दाबला, मग चार आकडे घालून फोन उघडून दिला. वनमालाबाईंनी आत जाऊन पाहिले. नोंदवलेले बोट एकच होते.

"रेशन आणायला कोण जातं हो तुमच्याकडं?" त्यांनी मध्येच विचारले.

"सून जाती. माझ्यानं व्हत न्हाई, मशीन नाराज हाय माझ्यावर."

पाच तास उरले असताना रेशनच्या चौकशा कशाला, असे राधाकिशनच्या मनात आले. तरी त्यांनी ते वहीत लिहिले.

सून पौर्णिमा इंग्रजीतून गिऱ्हाइकांना उत्तरे लिहीत असे. तिने सरळ सांगितले, की बुधवारी दुपारी सासूबाई इथेच भिंतीशी झोपल्या होत्या, फोन खिडकीत चार्जिंगला होता आणि ती शेजारी शिवत होती. आकडे तिलाही माहीत होते. "रद्द व्हावं म्हणून मी माझी दाही बोटं टेकवून पाहिली, सगळ्यांसमोर. एकही घेतलं नाही."

राधाकिशनचे डोळे चमकले. बाहेर व्हरांड्यात येताच ते कुजबुजले, की झोपलेल्या सासूचा अंगठा धरून सुनेनेच फोनवर टेकवला असणार. वनमालाबाई म्हणाल्या, "राव, तुम्ही त्या बाईंचे हात पाहिलेत का?" राधाकिशननी पाहिले नव्हते.

संशयितांत दुसरा अमरसिंह, सिरसाळ्याचा व्यापारी. यंदाच्या पाडव्यापासून तो गोधड्यांची पार्सले करून धाडत असे. दुकान विकत घ्यायला तो एकदा तयार झाला होता हे त्याने लपवले नाही. "कावून लपवू? सिंधुबाईनं हाकलून दिलतं मला. बुधवारी मी सिरसाळ्याच्या बाजारात व्हतो, शंभर माणसं सांगतील." फोन त्याने कधी हातातही धरला नव्हता.

तिसरा हनुमान, मोबाईलच्या दुकानाचा मालक. दोन वर्षांपूर्वी हा फोन त्यानेच विकला होता. दर बुधवारी तो समाजमंदिरात येऊन याच फोनवर गोधड्यांचे फोटो काढी. तो हसतमुख होता, सर्वांना चहा त्यानेच मागवला.

"तुमी उगं ताण घेता, मॅडम. त्यो फोन मावशीच्या अंगठ्याबिगर सौदा करतच न्हाई. मीच नोंदवून दिलाय. चार बार टेकवून घेतला त्यांचा, तवा कुठं बसला."

"म्हणजे शेवटी बसला?"

"बसला की. न्हाईतर नोंद कशी झाली असती?"

राधाकिशननी हेही लिहून घेतले आणि घड्याळाकडे पाहिले. साडेतीन. अमरसिंह खोटे बोलत नव्हता, सून रडत नव्हती, हनुमान चहा पाजत होता. आता उरल्या फक्त सिंधुबाई. ही बाई चोर निघाली तर आपल्याला लई वाईट वाटेल, एवढेच त्यांना कळत होते.

चार वाजता वनमालाबाईंनी सगळ्यांना समाजमंदिरात बसवले.

"सगळे एकच प्रश्न विचारत बसले, की सिंधुबाईंचा अंगठा बुधवारी कुणी वापरला. राधाकिशनराव म्हणतात, झोपेत सुनेनं. पण जो अंगठा जागेपणी चालत नाही, तो झोपेत कसा चालेल? सिंधुबाई, हात दाखवा."

सिंधुबाईंनी तळवे पुढे केले. राधाकिशन वाकले. चौदा हंगाम कोयता धरलेले हात. बोटांची टोके घासलेल्या दगडासारखी गुळगुळीत झाली होती. रेघ नावाला नव्हती.

"रेशनचं मशीन हा अंगठा घेत नाही," वनमालाबाई म्हणाल्या. "फोन घेत नाही. मशीनला जो ठसा वाचताच येत नाही, तो नोंदवता तरी कसा येईल? तरी फोनमध्ये एक बोट नोंदवलेलं आहे. ते सिंधुबाईंचं नाही. सुनेची दाही बोटं सगळ्यांनी पाहिली, तिचं नाही. अमरसिंह आले यंदा, नोंद दोन वर्षांपूर्वीची. ती नोंद आपल्या हातानं केली असं सांगणारा माणूस एकच आहे. तोच म्हणतो, चौथ्या वेळी बसला. चौथ्या वेळी कुणाचा बसला, हनुमान?"

हनुमानने चहाचा कप खाली ठेवला.

"पण बाईंना दोन वर्षांत शंका आली नाही?" राधाकिशननी न राहवून विचारले.

उत्तर सिंधुबाईंनीच दिले. "कशाची शंका, भाऊ? हनुमान म्हनला, झालं मावशी. उघडला न्हाई की मी म्हनायची, माझेच हात गेलेत. समद्या मशीनी मला तसंच करतात."

बाया शिवायच्या थांबल्या होत्या.

"त्या दिवशी पाप नव्हतं माझ्या मनात," हनुमान हळूच म्हणाला. "दुकानात गर्दी व्हती. बसंना म्हनून माझाच टेकवला. फोटो मी काढले, वर मी चढवले, पन नाव कुठंच न्हाई माझं. मग त्या कंपनीचा मानूस आला. त्यांच्या गोधड्या मशीनच्या. त्यांना त्या अकराशे गिऱ्हाइकांचे चांगले शब्द पायजे व्हते."

वनमालाबाईंनी फोन त्याच्यासमोर सरकवला. पाचच्या आत रद्द केले तर तू आपणहून केलेस असे पोलिसांना लिहून देईन, म्हणाल्या. नाहीतर उद्या ते हा फोन मोहोरबंद करून नेतील आणि अंगठा तुझाच मागतील.

हनुमानने बावीस बायांकडे पाहिले. मग अंगठा टेकवला. फोनने तो पहिल्याच खेपेला घेतला.

हस्तांतर रद्द झाले. पौर्णिमाने पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचला:

"धन्यवाद, सिंधुबाई. आपली ओळख पटली."

मघा फणकारलेली बाई उठली आणि आपले शिवण घेऊन सिंधुबाईंच्या शेजारी येऊन बसली. सिंधुबाईंनी अंगठा पदराला पुसला, उगाचच.

"पटली म्हनं," त्या म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवायला लागल्या.