लाल ठिपका आवडानं पाहिला होता

“उद्या उजाडायच्या आधी निघायचं! मी पुढं, कोकरं मधी आणि तू सगळ्यांच्या मागं!” आवडानं मामाच्या पोराला बजावलं.

“मी का मागं? मेंढरं माझ्या बापाची हायेत!”

“आणि अक्कल माझी हाये!”

सगळी पोरं खिदळली. सातवीची परीक्षा देऊन आवडा कालच सिल्लोडजवळच्या मामाच्या गावी आली होती. मेंढरांबरोबर डोंगराकडं मुक्कामाला जायचं, ही तिची सुट्टीतली सगळ्यात मोठी मोहीम. भाकरी किती घ्यायच्या, कुत्रं कुणी सांभाळायचं, सगळं ठरत होतं. तेवढ्यात वाटेवर जीप थांबली. बाबांच्या कंपनीतले दोघं खाली उतरले. त्यांनी मामाला बाजूला नेलं.

आवडाची आई, सुगंधाबाई, आदल्या रात्री गेली होती.

काय झालं ते आवडाला जीपमध्ये तुकड्यातुकड्यांनी कळलं. वाळूजला तात्यासाहेबांच्या चाळीत ते भाड्यानं राहायचे. बाबा, म्हणजे केरबा, रात्रपाळीला गेले होते. अंधार पडल्यावर लाईट गेली. आईनं चार्जिंगचा दिवा घेतला, धाकट्या मुंजाचा हात धरला आणि ती चाळीच्या टोकाच्या संडासाकडं निघाली. दिवा एवढासा पेटला आणि विझला. नळाच्या पाइपासाठी खणलेला चर तसाच उघडा पडला होता. आई त्यात पडली. डोकं दगडावर आपटलं.

आईला बाबांच्या गावी नेलं होतं. तिथं रडारड चालू असताना आजीनं, आईच्या आईनं, आवडाला पाहिलं.

“दिवा चार्जिंगला लावायचं काम तुझं होतं ना गं? गावाला यायच्या घाईत इसरलीस!”

“नाय आजी! निघताना मी लावला होता. लाल ठिपका लागला होता. मी पाहिला!”

“मग दिवा इझला कसा?”

आवडानं बाबांकडं पाहिलं. बाबा जमिनीकडं बघत होते.

दिवसकार्य आटोपून तिघं वाळूजला परत आली. आवडा भाकरी थापायची, बाबा गुपचूप खायचे आणि भिंतीकडं तोंड करून पडायचे. दिव्याचं नाव कुणी काढायचं नाही. तो माळ्यावर पालथा पडला होता.

एक दिवस मुंजानं तो काढला आणि अंगणात आपटायला निघाला.

“थांब!” शेजारच्या खोलीतली गौतमी धावली. ती आवडाच्या वर्गात होती. “आवडे, खरं सांग. ठिपका पाहिला होतास?”

“व्हय! कितीदा सांगू?”

“मग भांडतेस कशाला? बिघाड कुठंय ते शोधू. जब्बारला बोलावते!”

जब्बार आला तो ऐटीत. नाक्यावर त्याच्या मामूंचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं आणि सुट्टीत तो तिथंच पडीक असायचा.

“बॅटरी मर गई होगी,” दिवा कानाशी हलवत तो म्हणाला.

“नारळ हाये का तो?” मुंजा म्हणाला. त्या दिवसानंतर मुंजा पहिल्यांदाच असं काही बोलला होता.

मामूंनी दिवा दिवसभर दुकानात चार्जिंगला ठेवला. वायर इंचाइंचानं वाकवून पाहिली. ठिपका एकदाही मिणमिणला नाही. दुसऱ्या दिवशी भर मे महिन्यात चौघं एका गोधडीत शिरली आणि त्यांनी आत दिवा पेटवला.

“माझा पाय कोण तुडवतंय?”

“बॅटरीको बोल ना, जल्दी मर!”

बॅटरी मेली नाही. पोरं घामानं निथळली, आळीपाळीनं बाहेर जाऊन पाणी पिऊन आली, तरी दिवा जळतच होता.

“म्हणजे बॅटरी चांगली, वायर चांगली,” गौतमी म्हणाली. “राहिला घरातला पॉइंट!”

दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्याउठल्या त्यांनी दिवा आवडाच्या घरातल्या पॉइंटला लावला. लाल ठिपका झटकन लागला.

कुणी टाळी वाजवली नाही. पॉइंटही चांगला होता. सगळंच चांगलं होतं. मग त्या दिवशी दिवा विझला कसा? आवडा हळूच म्हणाली, “मला वाटतंय मी लावलाच नसंल. लावला असं नुसतं वाटत असंल मला.”

दारात भाजी निवडणाऱ्या गौतमीच्या आईनं, पारूबाईनं, मान वर केली.

“इकडं ये,” ती म्हणाली. “नामांतराच्या दंगलीत आमचं घर जाळलं. मी नवी नवरी होते. आणि लोक काय म्हणाले? तुमच्याच चुलीची ठिणगी उडाली. इतक्यांदा म्हणाले, की मलाच वाटायला लागलं, आपण चूल नीट इझवली नसंल! पण मी माझ्या हातानं पाणी मारलं होतं त्या चुलीवर.”

“मग?”

“मग काय! गाव सुटलं. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव आत्ता जानेवारीत लागलं, पण चूल इझलेली होती हे गावात अजून कुणी म्हणत नाय. तू लावला होतास तर लावला होतास. आणि तो ठिपका एकदा बघून उठतेस कशाला? बस त्याच्यापाशी.”

आवडा बसली. डोळ्याची पापणी न लववता बसली. रात्रपाळीचे लोक बसमधून उतरले, खोल्याखोल्यांत गेले. आणि ठिपका गेला!

“गौतमी! जब्बार! गेला! मी हातबी लावला नाय!”

“लाईट गई होगी.”

“वर बघ की!”

वर बल्ब जळत होता. गौतमी पळत घरी गेली. तिच्या घरातही बल्ब चालू आणि पॉइंट बंद. तिसऱ्या खोलीत तेच. चौथ्या खोलीतल्या मावशी म्हणाल्या, “आमचा पॉइंट तर रोज असाच करतो. ढिला झाला असंल म्हणून सोडून दिलं.”

चौघं भिंतीवरची वायर बघत निघाली. जुनी वायर काळी पडली होती. तिच्या शेजारून नवी कोरी दुसरी वायर जात होती. ती सगळ्या खोल्यांवरून थेट मालकाच्या, तात्यासाहेबांच्या घरात शिरत होती.

“आई जायच्या आठवड्यात वायरमन आला होता,” मुंजा म्हणाला. “मी त्याची शिडी धरली होती.”

तात्यासाहेब झोपाळ्यावर बसले होते. शेत एमआयडीसीत गेल्यावर उरलेल्या तुकड्यावर त्यांनी ही चाळ बांधली होती.

“तात्यासाहेब, आमचे पॉइंट तुमच्या घरातून बंद होतात का?” आवडानं सरळ विचारलं.

“कसले पॉइंट? असा खटकाबिटका काही नाही माझ्याकडं. सुट्टी आहे, जा, खेळा!”

“खोटं बोलतात!” बाहेर येताच गौतमी फणफणली.

“आपण बोलून कोण ऐकणार?” आवडा म्हणाली. “त्यांच्याच हातानं दाखवायला लावू.”

कंपनीच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी सगळे बाप्ये घरी होते. पोरांनी खोल्याखोल्यांतले रेडिओ गोळा केले. ज्यांच्याकडं नव्हते त्यांच्यासाठी जब्बारनं मामूंच्या दुकानातून आणले. सगळ्यांचे सेल काढून मुंजाच्या टोपीत टाकले, सगळे पॉइंटला लावले, खोल्यांमधले बल्ब चालू ठेवले. मग गौतमीनं शिट्टी मारली आणि चाळभर एकाच वेळी शेतीविषयक कार्यक्रम गर्जू लागला! “कपाशीच्या बियाण्याची निवड…!”

तात्यासाहेब धोतर सावरत ओट्यावर आले. “बंद करा तो गोंधळ!”

“काय म्हणता? ऐकू येत नाय!”

“बंद करा म्हणतो!”

“कपाशी है ना, तात्यासाब! अच्छी माहिती दे रहे!”

तात्यासाहेब पाय आपटत आत गेले. आतून खट्ट आवाज आला. आणि सगळे रेडिओ एकदम गप्प झाले.

माणसं दारात आली. कुणीतरी वर बघितलं, मग सगळ्यांनी बघितलं. प्रत्येक खोलीत बल्ब जळत होता. तात्यासाहेब परत ओट्यावर आले, त्यांनी सगळ्यांची तोंडं पाहिली, आणि त्यांचा चेहरा उतरला.

केरबा पुढं झाले. चाळीत त्यांचा आवाज कित्येक दिवसांत कुणी ऐकला नव्हता.

“तात्यासाहेब, त्या दिवशीपण बंद केलं होतं?”

“अरे, रात्रपाळीचे लोक येऊन लाईटच्या शेगड्या लावतात… भाड्यात लाईट धरलेली… म्हणून दिवसभर बंद ठेवतो. सगळेच घरमालक ठेवतात! मला काय ठाऊक, कुणाचा दिवा लावलेला आहे!”

“नुसतं सांगितलं असतं,” केरबा म्हणाले, “तर तिनं कंदील घेतला असता.”

तात्यासाहेबांनी त्याच दिवशी वायरमन बोलावून खटका काढून टाकला. चर बुजवायला माणसं लावली, आणि ती येईपर्यंत स्वतः काठावर उभे राहिले. संध्याकाळी ते आवडाच्या दारापर्यंत आले. “पोरी, तू खरं बोलत होतीस. मी खोटं बोललो,” एवढंच म्हणून ते वळले.

मामूंनी पोरांना उसाचा रस पाजला. “जो मेरेकू समझा नहीं, वो इन बच्चोंने ढूंढा!” ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. चाळीतल्या बायका आवडाच्या डोक्यावरून हात फिरवून जात होत्या. आवडाला वाटलं होतं, खरं कळलं की बरं वाटेल. बरं वाटलं नाही. घरात आईची साडी दोरीवर तशीच होती.

रात्री जेवताना केरबांनी हातातला घास खाली ठेवला.

“तू लावला होतास,” ते म्हणाले. “आजी बोलली तेव्हाच मी बोलायला पाहिजे होतं. माझ्या पोरीनं लावला असंल, असं म्हणायला पाहिजे होतं. मला सुचलंच नाय.”

आवडा रडली. आई गेल्यापासून ती अशी मोठ्यानं रडली नव्हती. मुंजाही रडला, आणि मग तिघं जेवली.

शाळा सुरू झाली. बाबांना रजा नाही. गावाकडून मामा येऊन गेला, तेव्हा बाबा कामावर होते, आणि आवडानं त्याला नुसता चहा करून दिला. आजीनं त्याच्याबरोबर मुंजासाठी खारका पाठवल्या होत्या. आवडाचं नाव काढलं नव्हतं. लाल ठिपका लागला होता, हे आजीला जाऊन सांगायचं अजून राहिलं आहे.